पहिल्या क्रमांकाची हमी आणि टाके सोडणारे मशीन

छोट्या व्यवसायाची वेबसाइट सर्च इंजिनात वर यावी म्हणून काय करावे, आणि त्यातले काय प्रामाणिक व काय अप्रामाणिक, या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काहींना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे लांबलचक होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा ठेवला आहे. उदाहरणे बहुतेक गूगलची आहेत, कारण पत्रलेखकांची काळजीही गूगलचीच आहे.

प्रश्न : माझा शिलाई मशीन दुरुस्तीचा व्यवसाय आहे. एका एजन्सीचे सारखे फोन येतात. '३० दिवसांत पहिला क्रमांक, नाहीतर पैसे परत; शिवाय दरमहा ५०० बॅकलिंक' असा त्यांचा प्रस्ताव आहे. पैसे परत मिळणार असतील तर करून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे, आणि ती केवळ पैशांपुरती नाही. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. अशी हमी देणारे लोक आपला शब्द पाळतात ते असे, की क्रमांक मिळवून देतात, पण ज्या शब्दांनी कोणी काही शोधतच नाही अशा शब्दांसाठी. तुमच्या व्यवसायाचे पूर्ण नाव, त्यापुढे तुमच्या भागाचे नाव आणि त्यापुढे 'उत्तम व विश्वासार्ह सेवा' असे सात-आठ शब्द ओळीने टाकले, तर जगातले दुसरे कुठलेच पान तुमच्याशी स्पर्धा करणार नाही. अहवालात हिरवा बाण दिसेल, तुमचा फोन मात्र वाजणार नाही, आणि कराराच्या भाषेप्रमाणे पैसेही परत मागता येणार नाहीत.

५०० बॅकलिंकची, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणाऱ्या लिंकांची, बाब याहून गंभीर आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँकची जी पद्धत मांडली, तिच्यामागचा विचार असा होता, की एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेली लिंक ही एक प्रकारची शिफारस समजावी, आणि शिफारस करणाऱ्या पानाची पत जितकी मोठी, तितके तिला वजनही जास्त द्यावे. शिफारशीला असे मोल आले, आणि ती विकणाऱ्यांचा बाजारही लगोलग भरला. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतील जे. सी. पेनी या बड्या विक्रेत्याचे प्रकरण उघड केले. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांना ही कंपनी महिनोन्‌महिने अग्रभागी दिसत होती आणि तिच्याकडे लिंक देणाऱ्या हजारो पानांचा तिच्या मालाशी काडीचाही संबंध नव्हता. गूगलने कारवाई करताच तिचे क्रमांक कोसळले. आपण अशा लिंक घ्यायला सांगितलेच नव्हते, असे कंपनीने म्हटले आणि एसईओचे, म्हणजे वेबसाइट सर्चमध्ये वर आणण्याचे, काम पाहणाऱ्या संस्थेला निरोप दिला. एजन्सीने केलेल्या कामाचे फळ ग्राहकाच्याच डोमेनला, म्हणजे त्याच्या वेबसाइटच्या पत्त्याला, भोगावे लागते, एवढे यातून लक्षात घ्यावे.

पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत 'पेंग्विन' नावाचा बदल लागू झाला आणि बनावट लिंकांच्या जोरावर वर आलेल्या असंख्य वेबसाइट खाली गेल्या. त्याआधी जानेवारीत गूगलला आपल्याच क्रोम ब्राउझरच्या पानाचा क्रमांक किमान ६० दिवसांसाठी खाली आणावा लागला होता, कारण क्रोमच्या जाहिरात मोहिमेत पैसे देऊन लिहून घेतलेले ब्लॉगलेख निघाले आणि त्यांतल्या एकात क्रोमच्या पानाची नियमबाह्य लिंक सापडली. हा प्रसंग मला फार आवडतो. तो सांगितला की समोरचा व्यापारी निदान फोन ठेवण्याआधी विचार करतो.

२०१६ पासून पेंग्विन मूळ क्रमवारीचाच भाग झाले आहे आणि संशयास्पद लिंक बहुधा हिशेबातच धरली जात नाही. म्हणजे आज विकत घेतलेल्या ५०० लिंकांपैकी बहुतेकांचे मोल शून्य ठरण्याचाच संभव मोठा, आणि प्रकार फारच उघड असेल तर माणसाकडून तपासणी होऊन कारवाई होण्याचा धोका वेगळा. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घेणे मात्र गैर नाही. अट एवढीच, की त्या लिंकवर 'नोफॉलो' किंवा २०१९ मध्ये आलेली 'स्पॉन्सर्ड' ही खूण असली पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला ती शिफारस नसून जाहिरात आहे हे कळते.

एजन्सीचा पुन्हा फोन आला तर एकच विचारा : 'गेल्या महिन्यात दुसऱ्या एखाद्या ग्राहकासाठी मिळवलेल्या दहा लिंक मला उघडून दाखवाल का?' चांगले काम करणारे लोक अशी विचारणा आनंदाने घेतात. ते ३० दिवसांची भाषाही करत नाहीत. केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलचेच सांगणे आहे.

प्रश्न : (याच वाचकांचा दुसरा प्रश्न) लिंक घ्यायच्या नाहीत, तर मग मी नेमके करायचे तरी काय? माझ्या वेबसाइटवर 'आमच्याविषयी', 'सेवा' आणि 'संपर्क' अशी तीन पाने आहेत.

उत्तर : ती तीन पाने मी वाचली. पहिल्या पानावर 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' असे आहे आणि दुसऱ्यावर 'सर्व प्रकारच्या मशीनची दुरुस्ती केली जाईल' एवढेच. आता ज्याचे मशीन बिघडले आहे तो माणूस रात्री अर्धवट शिवलेला कपडा पुढ्यात घेऊन काय टाइप करतो ते पाहा. तो 'दर्जेदार दुरुस्ती सेवा' असे लिहीत नाही. तो लिहितो 'मशीन टाके सोडते', 'खालून दोऱ्याचा गुंता होतो', 'सुई सारखी तुटते'. यांपैकी एकही वाक्य तुमच्या वेबसाइटवर नाही, आणि तुमच्या दुकानात मात्र ते दिवसातून चार वेळा उच्चारले जात असणार.

म्हणून प्रत्येक तक्रारीसाठी एक पान लिहा आणि ते खरोखर उपयोगी पडेल असे लिहा. दोऱ्याच्या गुंत्याचे उदाहरण घेऊ. गुंता दिसतो कापडाच्या खालच्या बाजूला, म्हणून मशीनचा मालक बॉबिन काढून-घालून थकतो. पण दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारा प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, आणि मोकळा सुटलेला वरचा दोरा खाली जाऊन गोळा होतो. प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला की बऱ्याचदा काम भागते. टाके सुटण्याचेही तसेच आहे : आधी सुई बदलून पाहावी, ती पूर्ण वरपर्यंत आणि योग्य दिशेने बसली आहे ना ते तपासावे, ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी गोल टोकाची सुई वापरावी, एवढे करूनही टाके सुटत राहिले तर सुई आणि शटल (खालून वरचा दोरा पकडणारा भाग) यांचे टायमिंग, म्हणजे मेळ, चुकले असण्याची शक्यता आहे आणि ते काम घरी करण्यासारखे नाही. हे सारे तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट चांगले ठाऊक आहे. त्यासोबत तुमच्याच टेबलावर काढलेली दोन छायाचित्रे द्या, एक चुकीच्या ओवणीचे आणि एक बरोबर ओवणीचे.

'सगळे फुकट सांगून टाकले तर गिऱ्हाईक येईल कशाला?' असे तुम्ही पत्रात पुढे विचारले आहे. ज्याचे काम सुई बदलून भागणार होते तो तुमच्याकडे आलाच असता, असे धरून चालू नका. पण ज्याचे टायमिंग बिघडले आहे त्याला तुमचे पान वाचल्यावर दुसरीकडे जावेसे वाटणे कठीण आहे. शिवाय अशा पानाची लिंक एखाद्या शिवणवर्गाच्या बाई आपल्या विद्यार्थिनींना आपणहून पाठवतात किंवा आपल्या वेबसाइटवर देतात. पेजरँकला हवी होती ती शिफारस हीच.

उरलेली कामे एका दुपारची आहेत. पानाचे शीर्षक 'होम' असे ठेवू नका, 'शिलाई मशीन टाके का सोडते? कारणे आणि दुरुस्ती' असे ठेवा, आणि शीर्षकात जे म्हटले ते पानावर पहिल्या दोन परिच्छेदांत सापडू द्या. छायाचित्रांचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, लिहा. तो मुळात ज्यांना चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी आहे, त्यामुळे तेथे 'मशीन दुरुस्ती स्वस्त मशीन दुरुस्ती' असे कोंबणे हे मला इतर लबाड्यांपेक्षा जास्त खटकते. पान मोबाइलवर उघडून पाहा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा चांगल्या वेगाचा निकष आहे, आणि छोट्या वेबसाइटवर तो चुकतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून जशीच्या तशी चढवलेल्या अवजड चित्रांमुळे.

प्रश्न : मेटा कीवर्ड्समध्ये प्रतिस्पर्ध्याचे नाव घालणे अनैतिक आहे का?

उत्तर : निरुपयोगी आहे. मेटा कीवर्ड्स म्हणजे पानाच्या कोडमधल्या एका टॅगात ठेवलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी. वेब सर्चच्या क्रमवारीत आपण तो टॅग वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. दुसऱ्याचे नाव तेथून काढून टाका. ते तिथे असल्याचा पुरावा मात्र कोणालाही पानाच्या सोर्स कोडमध्ये दिसू शकतो.

प्रश्न : मी पुस्तकबांधणीचे काम करतो. वेबसाइट करून देणाऱ्याने पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कामाची वेगवेगळी नावे आणि स्पेलिंगे भरून ठेवली आहेत. कोणाला दिसत नाहीत, मग त्रास कुणाला?

उत्तर : कोणाला दिसत नाहीत हीच तर अडचण आहे. पानावरचा सगळा मजकूर एकदम सिलेक्ट करून पाहा, ती अक्षरे निळ्या पट्ट्यात लगेच उठून दिसतील. तुमच्या एखाद्या ग्राहकाने हे केले तर त्याला काय उत्तर द्याल, असे मी तुम्हालाच विचारतो. माणसाला एक मजकूर आणि यंत्राला दुसरा, ही तफावत हेच सर्च इंजिनांच्या दृष्टीने फसवणुकीचे मूळ आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये जर्मनीतील बीएमडब्ल्यूची वेबसाइट गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकली होती, ती यंत्रासाठी शब्द ठासून भरलेल्या आणि माणूस आला की त्याला दुसऱ्याच पानावर नेणाऱ्या पानांमुळे. पाने काढल्यावर ती काही दिवसांत परत आली; एवढ्या मोठ्या नावाची दखल जितक्या लवकर घेतली जाते तितक्या लवकर तुमची-माझी घेतली जाईल, असे मात्र समजू नये.

तुमची गरज खरी आहे, मार्ग चुकला आहे. एकाच कामाला दोन नावे असतील तर ती उघडपणे वाक्यात लिहा : 'पुस्तकबांधणी, म्हणजे ज्याला सगळे बाइंडिंग म्हणतात ते, आम्ही हाताने शिवून करतो.' किरकोळ स्पेलिंगभेद सर्च इंजिनाला आपले आपण कळतात. प्रश्नावर क्लिक केल्यावर उघडणारे उत्तर, किंवा अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी ठेवलेला मजकूर, हे लपवणे होत नाही. तेथे वाचणाऱ्याची सोय पाहिलेली असते.

प्रश्न : मी मोटार चालवायला शिकवते. माझ्या एका प्रतिस्पर्ध्याने गूगलच्या नकाशावरील आपल्या नोंदीच्या नावातच 'सर्वोत्तम, स्वस्त, खात्रीशीर ड्रायव्हिंग स्कूल' असे घातले आहे, आणि त्याला एका आठवड्यात चाळीस पंचतारांकित अभिप्राय आले. मी शिकून गेलेल्यांना फीमध्ये सवलत देऊन अभिप्राय लिहून घेतले तर ते चुकीचे ठरेल का? निदान खूश असलेल्यांनाच विचारले तर?

उत्तर : ताई, दोन्हीही नियमांत बसत नाही. सवलत, भेटवस्तू किंवा पैसे देऊन अभिप्राय घेणे गूगलच्या धोरणाने निषिद्ध आहे, आणि नाराज ग्राहकांना वगळून फक्त खूश असलेल्यांना विचारणेही. दुसरी गोष्ट पुष्कळ सज्जन व्यावसायिक नकळत करतात. एखादे सॉफ्टवेअर आधी 'तुम्ही समाधानी आहात का?' असे विचारते, 'होय' म्हणणाऱ्याला अभिप्रायाच्या पानावर पाठवते आणि 'नाही' म्हणणाऱ्याला खासगी तक्रार अर्ज देते. वरवर पाहता ही चांगली सेवा वाटते, पण नोंदीवर दिसणारे चित्र अर्धवटच राहते.

मला योग्य वाटते ते असे. शिकणाऱ्या प्रत्येकाला, तो पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला असो वा नसो, शेवटच्या दिवशी त्याच शब्दांत एक विनंती पाठवा आणि त्यात किती तारे द्यावेत याचा उल्लेखही करू नका. वाईट अभिप्राय आला तर दोन दिवस थांबून, नाव न घेता, घडले ते मान्य करून थोडक्यात उत्तर द्या. नवा ग्राहक ते उत्तरच जास्त बारकाईने वाचतो. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःविषयीचे अभिप्राय कोडमध्ये घालून सर्चमध्ये तारे चमकवण्याची युक्ती कोणी सुचवली तर तीही सोडून द्या; व्यवसायाने स्वतःच्याच पानावर दिलेले असे तारे गूगल २०१९ पासून दाखवत नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या नावाविषयी : नोंदीतले नाव प्रत्यक्ष पाटीवर असते तेच असावे, असा नियम आहे. त्या नोंदीत दुरुस्ती सुचवण्याची सोय नकाशावरच दिलेली आहे. ती वापरणे म्हणजे चहाडी नव्हे. पण रोज त्याची नोंद पाहण्यात वेळ घालवू नका. स्थानिक क्रमवारी शोधाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ओळख या तीन गोष्टींवर ठरते. अंतर बदलणे तुमच्या हाती नाही, उरलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली वेळापत्रक, शिकवण्याची भाषा, गाडीचा प्रकार असे तपशील खरे व पूर्ण भरून आजच सुधारता येते.

प्रश्न : आमची घरसामान हलवण्याची सेवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून २०० गावांसाठी २०० पाने लिहून घ्यावीत, असा सल्ला मिळाला आहे. हे चालेल का?

उत्तर : यंत्राने लिहिले म्हणून पान बाद होत नाही. मजकूर कसा तयार केला यापेक्षा तो कसा आहे याला महत्त्व, अशी भूमिका गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केली. मात्र मार्च २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्पॅम धोरणांत, क्रमवारीवर डोळा ठेवून घाऊक प्रमाणात पाने काढणे, मग ती माणसाने काढलेली असोत की यंत्राने, याला स्वतंत्र नाव देऊन मनाई केली आहे. गावाचे नाव बदलले आणि बाकी वाक्ये तीच राहिली, तर ते पान नसून सर्चमधून लोकांना आत ओढण्यापुरते नुसते दार आहे.

मी अशा वेळी एक कसोटी लावतो. त्या गावच्या पानावरून गावाचे नाव झाकले, तरी ते त्याच गावाचे आहे हे वाचणाऱ्याला कळेल का? तुम्ही तेथे केलेल्या कामाचे छायाचित्र, मोठा ट्रक आत जात नाही अशा भागांची माहिती, किती दिवस आधी कळवावे लागते, हे लिहिण्यासारखे असेल तर पान काढा. असे सहा गावांविषयीच लिहिता येत असेल तर पाने सहाच होऊ द्या, आणि बाकीच्या गावांची नावे 'आम्ही कोठे जातो' अशा एका पानावर साधी यादी म्हणून द्या. यंत्राकडून मसुदा घेतलात तर त्यातली प्रत्येक हमी तपासा. 'चोवीस तास सेवा' आणि 'मोफत विमा' असली आश्वासने यंत्र न विचारताही लिहून जाते आणि ती पाळण्याची जबाबदारी तुमची असते.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे भाषांतराचे काम करते. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने माझ्या वेबसाइटसाठी शेकडो लिंक घेतल्या होत्या, हे मला आता कळले. त्या कशा काढू? संस्था सोडायचीही आहे, पण वेबसाइट त्यांच्याच ताब्यात आहे.

उत्तर : घाबरून लगेच काही करू नका. गूगल सर्च कन्सोल ही आपली वेबसाइट गूगलमध्ये कशी दिसते ते मालकाला दाखवणारी मोफत सेवा आहे, तिच्यात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' असा विभाग आहे. तेथे काही नोंद नसेल तर तुमच्यावर माणसाने केलेली कारवाई झालेली नाही. लिंक नाकारण्याचे 'डिसअव्हाऊ' हे साधन २०१२ पासून उपलब्ध आहे, पण बनावट लिंक मोठ्या संख्येने असतील आणि त्यांच्यामुळे कारवाई झाली असेल किंवा होण्याची दाट शक्यता असेल, तेव्हाच ते वापरावे, असे गूगल सांगते. चुकीने चांगल्या लिंकही नाकारल्या जातात. सुरुवातीच्या काळात हा गाढवपणा मी स्वतः एका ग्राहकाच्या बाबतीत केला आहे आणि तो निस्तरायला बरेच महिने गेले. कारवाई झालेली असेल तर आधी जेवढ्या काढून घेता येतील तेवढ्या लिंक काढायला लावा, उरलेल्या नाकारा, आणि फेरविचाराच्या अर्जात काय घडले ते न लपवता लिहा.

ताब्याचा प्रश्न मला लिंकांपेक्षा तातडीचा वाटतो. डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते आधी पाहा. संस्थेच्या नावावर असेल तर हिशेब पूर्ण करण्याआधी ते तुमच्या नावावर करून घ्या. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये, नकाशावरील नोंदीत आणि होस्टिंगच्या (वेबसाइट जेथे ठेवली आहे त्या सेवेच्या) खात्यात तुमचा स्वतःचा ईमेल मालक म्हणून घाला व संस्थेचा प्रवेश काढून टाका. सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांचीच आकडेवारी दाखवते, तेव्हा तीही उतरवून ठेवा. वेबसाइट नव्याने बांधून घेणार असाल, तर जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवायला सांगा आणि ते रीडायरेक्ट किमान एक वर्ष तरी राहू द्या. नवी वेबसाइट सुरू झाल्याच्या दिवशी तिच्यावरची 'नोइंडेक्स' ही, म्हणजे सर्च इंजिनांनी पान सूचीत घेऊ नये असे सांगणारी, खूण काढली आहे ना, हे स्वतः विचारा. बांधकाम चालू असताना घातलेली ती खूण काढायची राहून जाते, आणि मग पाने महिनाभर कोणालाच सापडत नाहीत.